एक सूत

उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर उभा आहे मी.
जॉब हातात घेतला की अंगठ्यालाच कळतं
कुठं केसभर जास्त गेलाय.
मालक म्हणतो, पोवाराच्या डोळ्यात व्हर्नियर बसवलाय.

आणि घरात, साडेचार वर्षं,
ऊर्जिता नाकाला चटणी लागेपर्यंत
ताटावर वाकायची,
त्याच उंबऱ्याला रोज अडखळायची,
आणि मी म्हणायचो, धांदरट आहे,
आत्यावर गेलीय.

कळलं ते बालवाडीतल्या बाईंना.
खेळता खेळता हिनं उजवा डोळा झाकला
आणि फळ्याकडं बघून म्हणाली,
"बाई, ससा गेला."

राजारामपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले,
तासभर बाकावर बसवलं,
मग सांगितलं, डावा डोळा बघायला शिकलाच नाही.
आजारी नाही तो.
उजव्यानं सगळं काम ओढलं,
हा बसून राहिला.
वेळेत आलात, म्हणाल्या.
मला ऐकू आलं, उशिरा आलात.

चष्मा आला. गुलाबी काड्या, मागून इलॅस्टिक.
डावी काच जाड, तिच्यामागं डोळा मोठा दिसतो,
जणू एकाच डोळ्याला नवल वाटलंय.
समोरच्या काकी म्हणाल्या,
"पोरीची जात, आत्तापासनंच चष्मा?"
संगीता काही बोलली नाही,
फक्त दाराची कडी जरा जोरात लावली.

पण चष्मा सोपा. अवघड ती पट्टी.
रोज दोन तास, चांगल्या डोळ्यावर.
चांगल्या!
चालता हात बांधून ठेवायचा
आणि दुबळ्याला सांगायचं, उचल घागर.

पहिल्या दिवशी तिनं पट्टी उपटली,
भुवईचे चार केस सोबत आले.
दुसऱ्या दिवशी खाटेखाली जाऊन बसली.
तिसऱ्या दिवशी विचारलं,
"बाबा, माझी लाईट कशाला घालवतोस?"

उत्तर नव्हतं.
पाकिटातनं दुसरी पट्टी काढली,
माझ्या उजव्या डोळ्यावर चिकटवली
आणि चहा गाळायला गेलो.
धार कपाच्या बाहेर.
एक सूत नाही, चांगली दोन बोटं बाहेर,
बशीत, ओट्यावर, माझ्या पायावर.
बावीस वर्षांचं माप
फरशीवरनं मोरीकडं निघालं.
ती हसली. हसता हसता
वीस मिनिटं पट्टी विसरली.

तेव्हापासनं आमचे दोन तास जोडीनं.
रविवारी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो,
दोघं एकेका डोळ्याचे.
कुणीतरी विचारलंच,
"काय पोवार, बापलेकीत मारामारी झाली व्हय?"
ऊर्जितानं मान वर केली,
"न्हाई. डाव्याला शाळेत घातलंय,
उजव्याला सुट्टी हाय."

मग पेला दोन्ही हातांनी धरून
म्हशीपाशी उभी राहिली.
ओठावर फेस, तो पुसायचंही भान नाही.
बराच वेळ बघत होती वर,
मान एकीकडं कलती करून.
आणि गुपित सांगावं तसं बोलली,
"बाबा, हिला पापण्या हायत."

मी बघितलं.
होत्या. लांब, जरा धुळीनं माखलेल्या.
चाळीस वर्षं दूध पितोय या कट्ट्यावर.

तीन महिन्यांनी तक्त्यावरची एक ओळ
तिला जास्त वाचता आली. एकच.
पट्टी अजून आहेच, वर्षभर तरी राहील,
भांडणंही आहेत.
काल चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला.

ग्राइंडरवर मी हल्ली गॉगल लावतो.
कारखान्यातली पोरं हसतात.
हसू देत.
एकदा डबा घेऊन आली होती आईसोबत,
दारातच थांबली,
ठिणग्या बघितल्या,
आणि विचारलं,
"बाबा, तुझा चष्मा कुठाय?"